ब्रीद असं निवडा, की मोडलं तर कळावं

साताऱ्यात राजवाड्याच्या चौपाटीवर बसल्या बसल्या आमच्या गटाचं ब्रीदवाक्य ठरवून टाकू असं म्हटलं, तेव्हा पावभाजी येईपर्यंत काम उरकेल असा अंदाज होता. लागले दोन महिने आणि एक रुसवा. गट कसला, तर मराठीवर जीव असलेली पन्नास-साठ माणसं. काही साताऱ्यातली, काही वाई, कोरेगाव, दहिवडीकडची, काही पोटासाठी पुण्या-मुंबईला गेलेली. बोलणं रोज फोनवर, गाठ पडते ती महिन्यातून एकदा. पहिल्याच संध्याकाळी सूचनांचा पाऊस पडला. माय, अमृत, वैभव, गौरव, अभिमान. वाचता वाचता लक्षात आलं, की यातली निम्मी वाक्यं कुठल्याही मराठी गटाला चालली असती, आणि काही तर समोरच्या अमृततुल्य चहावाल्यालाही.

त्या दोन महिन्यांत जे कळलं ते क्रमानं मांडते. तुमचा गट सांगलीचा असो की सोलापूरचा, क्रम मात्र हाच ठेवा. मत घेण्याची घाई तर अजिबात नको. आम्ही ती केली आणि रुसवा तिथूनच निघाला.

आधी हवंय काय ते ठरवा

ब्रीदवाक्य, घोषवाक्य आणि जाहिरातीची ओळ हे तीन वेगळे जिन्नस आहेत. एसटीचं उदाहरण घ्या. ‘वाट पाहीन पण एसटीनेच जाईन’ ही प्रवाशाच्या तोंडी घातलेली ओळ. ‘बहुजन हिताय, बहुजन सुखाय’ हे महामंडळाचं ब्रीद. पहिलीत प्रवासी काय करणार ते आहे, दुसऱ्यात महामंडळानं काय करायचं ते. फलाटावर तासभर ताटकळलेला माणूस पहिलीला हसतो आणि दुसऱ्यावरून जाब विचारतो.

ब्रीद हा शब्द संस्कृत ‘बिरुदा’वरून आला. जुन्या मराठीत ‘ब्रीदाचा तोडर’ (तोडर म्हणजे पायातला दागिना) पायात बांधलेला दिसतो. म्हणजे आपण काय करून दाखवतो हे सांगणारी खूण अंगावर मिरवायची आणि ते नाही जमलं तर चारचौघांत ती उतरवायची. ब्रीदात पैज आहे. म्हणून माझ्या मते पहिली आणि सगळ्यात महत्त्वाची कसोटी अशी: हे वाक्य मोडता येतं का? ‘मराठी आमुची माय’ मोडायचं कसं? गटात वर्षभर कुणी अक्षर लिहिलं नाही तरी माय ती मायच राहणार. जे मोडता येत नाही ते पाळताही येत नाही. ती भावना आहे, चांगलीच आहे, पण ब्रीद नव्हे.

आपल्याकडे याचा नमुना शोधायला लांब जावं लागत नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराडजवळच्या काले इथे रयत शिक्षण संस्था काढली. तिचं वाक्य ‘स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद’. यात शिक्षण थोर आहे, पवित्र आहे, असं काही म्हटलेलं नाही. शिक्षण कशा प्रकारचं देणार, तेवढंच सांगितलंय. ‘कमवा आणि शिका’ म्हणत मुलं काम करून शिकली, म्हणून ते वाक्य खरं ठरलं. उद्या संस्थेनं ते सोडलं तर कुणीही पाटीकडे बोट दाखवून विचारू शकतो. तसं बोट दाखवता येईल असं वाक्य हवं.

गट काय करतो ते जुन्या बोलण्यात शोधा

आपला गट काय करतो असं सदस्यांना विचारलं, की ‘भाषेचं संवर्धन’ असं उत्तर येतं. त्यावर विश्वास ठेवू नका. त्यापेक्षा मागच्या दोन-तीन महिन्यांचे निरोप चाळा आणि फक्त क्रियापदं लिहून काढा. कोण काय विचारतं, कोण काय पाठवतं, वाद कशावरून होतात.

मी एका रविवारी हे केलं. वहीत निघालं ते असं: विचारणं (‘बोलूया की बोलू या?’), आणून देणं (‘आमच्या आजी याला माळवं म्हणतात’), ताडून पाहणं, दुरुस्त करणं, आणि थोडं चिडवणं. संवर्धन कुठंच नव्हतं. सगळ्यात जास्त वेळा काय आलं होतं, तर गावाकडचे शब्द. माण-खटावकडचा माणूस एक शब्द टाकतो, जावळीकडचा म्हणतो आमच्यात याला असं म्हणतात, मग तिसरा कोश उघडतो. आपण शब्द गोळा करणारी माणसं आहोत हे आम्हाला त्या दिवशी कळलं. तोवर आम्ही स्वतःला साहित्यप्रेमी समजत होतो.

ही दोन-चार क्रियापदं एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहा आणि सूचना मागवायच्या आधी सगळ्यांना पाठवा. आमच्याकडे हे उलट्या क्रमानं झालं, त्यामुळे पहिली खेप पूर्ण वाया गेली.

सूचना चव्हाट्यावर मागवू नका

गटात सगळ्यांसमोर सूचना मागवल्या, की पहिल्या तिघांच्या वळणावर बाकीचे जातात. शिवाय गटात एखादे सर असतातच. आमच्यातले सर निवृत्त संस्कृत शिक्षक. त्यांनी एक सुंदर समास टाकला आणि त्यानंतर पोरांची बोटंच थांबली. ‘सरांनी दिलंय म्हटल्यावर आपण काय बोलणार?’

म्हणून एक माणूस नेमा. सूचना त्याच्याकडे खासगीत जाऊ द्या, आणि त्यानं नावं काढून यादी करावी. मुदत आठ दिवस, त्याहून जास्त दिली तर विसरतात. दर माणशी दोन वाक्यं: एक कुठूनही उचललेलं, दुसरं स्वतःचं. उचललेल्यांत कुणाची भूक कशाची आहे ते कळतं, स्वतःच्या वाक्यात खरा माल असतो. गटाबाहेरच्या लहान मुलांना विचारायलाही लाजू नका. युरोपीय संघानं आपलं ‘विविधतेत एकजूट’ या अर्थाचं ब्रीद २००० साली शाळकरी मुलांच्या स्पर्धेतून घेतलं होतं.

उचललेल्या वाक्यांबद्दल दोन गोष्टी. ज्ञानदेवांची अमृताशी पैज लावणारी ओवी, तुकोबांची शब्दांची रत्नं आणि समर्थांच्या नावावर सांगितलं जाणारं ‘दिसामाजी काहीतरी ते लिहावे’ ही तीन येणारच. आमच्याकडे तर सज्जनगड दिसतो म्हटल्यावर समर्थ दोनदा आले. संतवचनं कुणाच्या मालकीची नाहीत, पण ती इतक्या ठिकाणी लागली आहेत की तुमचा गट त्यात ओळखू येणार नाही. दुसरी गोष्ट आधुनिक कवींची. आपल्या कायद्यात कवीच्या निधनानंतर, ते वर्ष संपल्यापासून ६० वर्षं हक्क राहतो. मर्ढेकर १९५६ मध्ये गेले, त्यांची कविता आता मोकळी आहे. सांगली जिल्ह्यात जन्मलेले गदिमा १९७७ मध्ये गेले, म्हणजे २०३७ अखेरपर्यंत हक्क वारसांकडे. एक ओळ घेतली म्हणून कुणी कोर्टात खेचेल असं नाही, पण भाषेवर प्रेम करणाऱ्यांनी तरी विचारून घ्यावं. आणि कुणी बोधचिन्हात सिंहमुद्रेसकट ‘सत्यमेव जयते’ घालू म्हणालं तर तिथेच थांबवा, राजमुद्रेच्या अशा वापराला २००५ च्या कायद्यानं मनाई आहे.

चाळणी

यादी आली की लगेच आवडनिवड नको. आधी मोडण्याची कसोटी लावा. निम्मी यादी तिथेच गळते. मग मराठीच्या जागी तेलुगू किंवा गुजराती घालून वाक्य वाचा. तरी चालत असेल तर ते तुमचं नाही. मग गटाऐवजी पतसंस्थेचं नाव घालून वाचा. ‘विश्वासाचं नातं’ सुचवणाऱ्या आमच्या ताईंना हे वाचल्यावर स्वतःलाच हसू आलं.

विशेषणं काढून टाका आणि उरतं काय ते पाहा. ‘समृद्ध’, ‘अभिजात’, ‘गौरवशाली’ काढल्यावर फक्त ‘मराठी’ उरत असेल तर वाक्यात काही नव्हतंच. ‘अभिजात’बद्दल तर जरा जास्तच सांभाळा. केंद्रानं ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला तो दर्जा दिल्यापासून हा शब्द पाट्यांवर इतका आलाय, की त्याची धार गेली. मिळालेला दर्जा ही बातमी असते, त्याचं ब्रीद करून भागत नाही.

कोणत्या मराठीत?

खरी भांडणं इथेच होतात. होऊ द्या, कारण गट कुणाचा आहे ते यातूनच ठरतं.

संस्कृतची ओढ समजण्यासारखी आहे. थोड्या अक्षरांत वजन येतं, आणि आपल्या संस्थांची सवयही तीच. सातारा-सांगली ज्या शिवाजी विद्यापीठाच्या हद्दीत येतं, त्याचं ‘ज्ञानमेवामृतम्’. पोलिसांचं ‘सद्रक्षणाय खलनिग्रहणाय’. आयुर्विमा महामंडळाचं गीतेतलं ‘योगक्षेमं वहाम्यहम्’. हे शेवटचं मला फार आवडतं. ‘वहामि’ म्हणजे ‘मी वाहतो’. त्यात प्रथमपुरुषी क्रियापद आहे, जबाबदारी अंगावर घेतलेली आहे. पण विमा एजंटांपैकी किती जणांना त्याची फोड सांगता येईल? आम्ही गटात ‘ज्ञानमेवामृतम्’ची फोड विचारली. ‘ज्ञानम् एव अमृतम्’ असं बरोबर सांगणारे होते, पण ‘मेवा’ शोधणाराही एक होता. (तो सुक्यामेव्याचा व्यापारी नाही, पदवीधर आहे, आणि ती पदवी त्याच विद्यापीठाची.) माझा निर्णय असा: मराठी बोलणाऱ्यांच्या गटाला आपलं ब्रीद समजावून सांगावं लागत असेल तर पहिल्याच पायरीवर चुकलं. सरांना हे पटलं नाही, अजूनही नाही.

दुसरं टोक बोलीचं. पोरांनी ‘नाद खुळा मराठी’ आणलं, पाठोपाठ ‘बोलतंय कोण? आपलीच भाषा’. मजा येते, पण असल्या पालुपदांना वयही लवकर येतं. आजची ‘विषय हार्ड’ची चलती दहा वर्षांनी जुन्या सिनेमाच्या पोस्टरसारखी दिसेल. बोली वापरायचीच तर तिच्यातले टिकाऊ शब्द घ्या, कोरड्यास, वळचण, औंदा असले. हंगामी पालुपदं नकोत.

एक वाक्य मला मनापासून आवडलं होतं: ‘चुकलं तरी बोला’. मोडता येतं, कुणी कुणाच्या ऱ्हस्व-दीर्घाला हसलं की मोडलंच. पण त्यावर शुद्धलेखनवाले म्हणाले ‘चुकले’ हवं, बाकीचे म्हणाले बोलायला सांगताय तर बोललेलंच लिहा. दोघांचंही खरं होतं. शेवटी ते ब्रीद झालं नाही, पण गटाचा पहिला नियम झालं आणि वर्णनात पहिल्या ओळीत बसलं. अशी हुकलेली चांगली वाक्यं फेकू नका. स्वागताच्या निरोपाला, वर्धापनदिनाच्या पत्रिकेला ती कामी येतात.

कोण बोलतंय आणि कुणाशी

मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ वेगळे आहेत. ‘आमची मराठी’ म्हणताना ऐकणारा बाहेर राहतो, ‘आपली’ म्हणताना आत येतो. दारात आलेल्या नव्या माणसाला ब्रीदानं बाहेर उभं करायचं का, ते बघा. मात्र वचन घेताना ‘आम्ही’च शोभतं, कारण जबाबदारी आमची. रयतेच्या वाक्यातलं ‘आमचे’ म्हणूनच बरोबर बसतं.

तसंच आज्ञार्थाचं. ‘जपा’, ‘वाचा’, ‘बोला’ हे दुसऱ्याला सांगणं झालं. ब्रीद स्वतःला बांधतं, तेव्हा ‘जपू’, ‘वाचू’, ‘बोलू’. एका अक्षराचा फरक आहे, पण वाक्य उपदेशातून बाहेर येतं.

आमचं वाक्य या वळणावर सापडलं. कोरेगावच्या एका मुलीनं ‘शब्द द्या, शब्द पाळा’ असं पाठवलं होतं. शब्द देणं म्हणजे वचन देणं, आणि आमच्या गटात तर खराखुरा शब्दच आणून द्यायचा. पाळणं म्हणजे वचन निभावणं, आणि शेरडं-कोंबड्या सांभाळतो तसं सांभाळणंही. आज्ञार्थ काढला तर झालं ‘शब्द देऊ, शब्द पाळू’. सगळे खूश. तेवढ्यात एक काका म्हणाले, ‘झकास! पक्ष कोणता?’ खरंच, हे वाक्य निवडणुकीच्या फलकावर हात जोडलेल्या फोटोखाली डोळ्यांपुढे आलं, आणि एकदा आलं ते जाईना. ‘देऊ’च्या जागी ‘आणू’ घातलं तेव्हा फोटो गेला. शब्द आणू, शब्द पाळू. माणदेशातून आणू, जावळीतून आणू, आजीकडून आणू. दुसऱ्या अर्धात वचनाचा श्लेष राहिला तो राहिलाच.

म्हणून अंतिम दोन-तीन वाक्यं गटाबाहेरच्या, जरा खोडकर माणसाला वाचायला द्या. दुसरा अर्थ त्यालाच दिसतो. शिवाय प्रत्येक शब्द मोल्सवर्थच्या आणि दाते-कर्व्यांच्या कोशात उघडून बघा. दोन्ही कोश आता फोनवरही शोधता येतात. एखाद्या साध्या शब्दाचा तालुक्यागणिक भलताच अर्थ निघतो, आणि तो छापून झाल्यावर कळणं वाईट.

कानाला, मग डोळ्याला

वाक्य फोनवरून कुणाला तरी एकदाच सांगा आणि त्याला लिहून परत पाठवायला सांगा. जसंच्या तसं आलं तर उत्तम. ‘परत सांग’ आलं तर लांब आहे किंवा जोडाक्षरं जास्त आहेत. सहा-सात शब्दांपुढे मराठी वाक्य सहसा विधान होतं, ब्रीद राहत नाही.

मात्रा मोजायला घाबरू नका: ऱ्हस्व अक्षराची एक, दीर्घाची किंवा जोडाक्षराआधीच्या अक्षराची दोन. ‘शब्द’ तीन मात्रा, ‘आणू’ चार. ‘शब्द’ तीन, ‘पाळू’ चार. सात आणि सात. वाक्य तोंडात का बसलं ते मोजल्यावर कळलं. मात्रा जुळल्याच पाहिजेत असं नाही, पण दोन तुकडे असतील तर दुसरा पहिल्याहून फार लांब नसावा, मागची बाजू ओढली जाते.

मग लेखन. भाषाप्रेमींच्या ब्रीदात शुद्धलेखनाची चूक म्हणजे आचाऱ्याच्या घरी करपलेली भाकरी. नेहमी अडणाऱ्या जागा ठरलेल्या आहेत. शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ, म्हणून ‘आणू’, ‘पाळू’. पण ‘आणि’, ‘नि’, ‘परंतु’ ऱ्हस्व. ‘बोलू या’ हे दोन शब्द, जोडून लिहू नये. ‘साऱ्यांची’ मधला ऱ्या टंकताना साधा र घेतला तर ‘सार्यांची’ होतं, त्यासाठी टिंबाचा ऱ घ्यावा लागतो. जुन्या पुस्तकांतला ‘आणूं’वरचा अनुस्वार १९६२ च्या नियमांनी गेला, तो हौसेनं परत आणू नका.

चित्र करताना टंकाकडे, म्हणजे फॉन्टकडे बघा. फुकटच्या अनेक टंकांत ल आणि श हिंदी वळणाचे असतात. मराठीचा ल पाकळीचा, श देठाचा. आमच्या वाक्यात श दोनदा येतो, त्यामुळे पहिलं चित्र पाहताच दोन जणांनी नाक मुरडलं, आणि त्यांचं बरोबर होतं. वाक्य गोल चौकटीत, अंगठ्याच्या नखाएवढं करून वाचा. ओळ कुठे तुटते ते स्वतः ठरवा, यंत्रावर सोडू नका.

आता मत घ्या

फोनवरच्या गटात मतचाचणी टाकणं सोपं, बारा पर्यायांपर्यंत टाकता येते. पण तिथे कुणी कशाला मत दिलं ते सहसा सगळ्यांना दिसतं. सरांनी बोट ठेवलं की दहा बोटं मागे जातात. आणि अमृताची तीन वाक्यं असतील तर त्यांची मतं आपसांत फुटतात, मग कुणालाच फारसं न आवडणारं चौथं निवडून येतं. आमचं पहिलं मतदान असंच फसलं. जिंकलेलं वाक्य मागे घ्यायची वेळ आली आणि ज्याचं ते होतं तो गृहस्थ पंधरा दिवस गट सोडून गेला. त्याचा राग रास्त होता. चूक रीतीची होती.

बरी रीत अशी. चाळणीतून राहिलेली पाचच वाक्यं ठेवा, सारखी असतील तर आधीच एक करा. गुप्त अर्ज पाठवा, नाहीतर बैठकीत चिठ्ठ्या घ्या. प्रत्येकानं पहिली, दुसरी, तिसरी पसंती द्यावी. त्यांना तीन, दोन, एक गुण. बेरीज करा. सोबत एक प्रश्न जरूर विचारा: ‘यातलं कुठलं लागलं तर तुम्हाला लाज वाटेल?’ गुणांत पहिलं आलेलं वाक्य बऱ्याच जणांना लाजवत असेल तर दुसऱ्याकडे जा. आमच्याकडे ‘शब्द आणू, शब्द पाळू’ला पहिल्या पसंत्या सगळ्यात जास्त नव्हत्या, पण जवळजवळ प्रत्येकाच्या तिन्हींत ते होतं आणि लाजेच्या रकान्यात कुणीच ते लिहिलं नाही.

निकालाआधी वाक्य अवतरणचिन्हांत घालून, ऱ्हस्व-दीर्घ बदलूनही, शोधून बघा. दुसऱ्या कुणाचं ठरलेलं निघालं तर गुपचूप सोडा.

लावल्यावर

लगेच टी-शर्ट छापू नका. काही दिवस ते फक्त गटाच्या नावाखाली राहू द्या. या काळात ते कुणी आपणहून बोलण्यात वापरतं का, तेवढंच पाहा. आमच्याकडे तिसऱ्या दिवशी कुणीतरी कुणाला लिहिलं, ‘काय हो, या आठवड्यात शब्द आणला नाहीत.’ तेव्हा आम्ही छापायला टाकलं.

मोडलं तर काय, हेही लिहून ठेवा. आमचा दंड असा: ज्यानं महिनाभर शब्द आणला नाही त्यानं पुढच्या भेटीला पाव किलो कंदी पेढे आणायचे. शब्दांची वही पाळायचं काम दर तीन महिन्यांनी फिरतं. पहिल्या भेटीत दंडाला पहिले पात्र ठरले सर. पेढे त्यांनी आणले, आणि पेढ्यांबरोबर ‘येळवणी’ हा शब्दही. पुरणाच्या डाळीचं पाणी, ज्याची आमटी होते. वहीत तो अकरावा आहे, आणि पुढे कंसात सरांच्याच अक्षरात लिहिलंय: आईकडून.